प्रबंधातलं एक प्रकरण धोरणाचं असू द्या

पीएचडी करणाऱ्या कुणी 'मला विज्ञान धोरणात काम करायचंय' असं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो: 'का, संशोधन सोडलंस?' प्राध्यापकाची जागा मिळाली नाही म्हणून धरलेली ही वाट, असंच बहुतेकांना वाटतं. दुर्दैवानं त्यात गाइडही असतात. मला हे अजिबात पटत नाही. धोरणासाठी पुरावा मांडणं हे वैज्ञानिकाचंच काम आहे, अवघड काम आहे, आणि ते शिकवावं लागतं. शिकवायची वेळही पीएचडी चालू असतानाचीच. प्रबंध जमा करून नोकरी शोधायला निघालेल्या माणसाला ते शिकवायला फार उशीर झालेला असतो.

सध्या बहुतेक ठिकाणी या नावाखाली एक-दोन दिवसांची कार्यशाळा होते. एखादे निवृत्त अधिकारी येतात, अनुभव सांगतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. मुलांना या कामाची ओढ लागते, तेवढा फायदा मी मान्य करते. पण हात बसत नाही.

हात बसणं म्हणजे काय, ते एका उदाहरणातून सांगते. समजा काही विहिरींच्या पाण्यात लिटरला ७० मिलिग्रॅम नायट्रेट सापडलं आहे आणि अधिकाऱ्याला शुक्रवारपर्यंत एका पानाचं टिपण हवं आहे. भूजलावर काही वर्षं काम केलेल्या विद्यार्थ्याला ते लिहायला सांगितलं, तर पहिला मसुदा साधारण असा येतो: आधी नायट्रोजन चक्र, मग नमुने कसे घेतले, मग आधीच्या अभ्यासांचा आढावा, आणि शेवटी 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे'. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण अधिकाऱ्यानं काय करायचं, ते कुठेच नाही.

टिपणाच्या पहिल्याच ओळीत हे यायला हवं: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, ती मुख्यतः बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना जपण्यासाठी ठरवलेली आहे (नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते), आणि हे पाणी त्या मर्यादेच्या वर आहे. दुसऱ्या ओळीत: पाणी उकळून उपयोग नाही. नायट्रेट उकळल्यानं जात नाही. पाणी आटतं, तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. ही ओळ राहिली तर कुणीतरी अगदी चांगल्या हेतूनं 'पाणी उकळून प्या' अशी सूचना काढेल आणि बाळांना आणखी वाईट पाणी मिळेल. मग उद्यापासून काय करता येईल, तर बाळांसाठी वेगळं पाणी. वर्षभरात काय, तर शुद्धीकरण किंवा दुसरा स्रोत. पुढच्या काही वर्षांत काय, तर खतांचा आणि सांडपाण्याचा बंदोबस्त. प्रत्येक पर्यायाचा खर्च कुणावर पडतो, कायद्यानं तो अधिकार कुणाचा. आणि सगळ्यात शेवटी, वाद कशावर आहे: कमी प्रमाणातलं नायट्रेट वर्षानुवर्षं पोटात गेल्यानं कर्करोगाचा धोका वाढतो का, यावरचे पुरावे एका दिशेचे नाहीत. हा वाद खरा आहे, पण बाळांना वेगळं पाणी द्यायचं की नाही, हे त्याच्यावर अवलंबून नाही.

कुठल्या अनिश्चिततेनं निर्णय बदलतो आणि कुठल्या अनिश्चिततेनं बदलत नाही, हे ओळखणं म्हणजे या सगळ्या शिक्षणाचा गाभा, असं माझं ठाम मत आहे. पेपर लिहिताना हे कुणी विचारत नाही, म्हणून हुशार विद्यार्थीही इथे अडतात. आयपीसीसीनं (हवामानबदलाच्या पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं) आपल्या अहवालांत हे फार काटेकोरपणे केलं आहे. तिथे एखादी गोष्ट 'संभवनीय' म्हटली की तिची शक्यता किमान ६६ टक्के, 'अतिशय संभवनीय' म्हटली की किमान ९० टक्के. ही शिस्त विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी लावता येते.

ती नसली तर काय होतं, हे इटलीतल्या लाक्विलात दिसलं. २००९ च्या सुरुवातीला तिथे लहान लहान धक्के सारखे बसत होते, लोक घाबरले होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली. त्याच सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्यानं टीव्हीवर लोकांना धीर दिला: ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे, ते चांगलंच आहे. या म्हणण्याला भूकंपशास्त्रात आधार नव्हता. ६ एप्रिलच्या भूकंपात ३०० हून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञांना आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. खटला योग्य होता की अयोग्य, यात मी इथे शिरत नाही. पण 'भूकंप कधी होईल ते सांगता येत नाही' आणि 'काळजीचं कारण नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते अंतर माइकसमोर कोण राखणार हे त्या खोलीत कुणीच पक्कं केलं नाही.

दुसरी बाजू ओझोनची, जिथे विज्ञान धोरणापर्यंत नीट पोचलं. फ्रिज आणि स्प्रेमधले सीएफसी वायू ओझोनचा थर नष्ट करतात, हे मांडणारा मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांचा पेपर १९७४ चा. मोलिना तेव्हा पोस्टडॉक, म्हणजे नुकतीच पीएचडी झालेले संशोधक होते. हे वायू आटोक्यात आणणारा माँट्रियल करार झाला १९८७ मध्ये. मधली १३ वर्षं नुसती रसायनशास्त्रात गेली नाहीत. उद्योगांचे आक्षेप, पर्यायी रसायनं, खर्च कुणाचा, हे सगळं त्यात होतं. विकसनशील देशांना १० वर्षांची सवलत द्यावी लागली, १९९० मध्ये त्यांच्यासाठी निधी ठरवावा लागला. वर्गात आपण क्लोरीनची साखळी अभिक्रिया शिकवतो आणि तिथेच थांबतो. करार कसा टिकला, हे शिकवतच नाही.

मग शिकवायचं कसं? टेबलाशी बसवून. खासदारांना विज्ञानाची माहिती पुरवणारं ब्रिटिश संसदेचं 'पोस्ट' नावाचं कार्यालय १९८९ पासून आहे. पीएचडीचे विद्यार्थी तिथे साधारण तीन महिने जातात आणि खासदारांसाठी चार पानांचं टिपण लिहितात. त्यासाठी शास्त्रज्ञांशी, उद्योगांशी, सरकारी खात्यांशी, संस्थांशी बोलावं लागतं, मसुदा बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा लागतो. विषयही बहुतेकदा आपल्या प्रबंधाचा नसतो, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दुसऱ्याचा प्रश्न, दुसऱ्यानं दिलेली मुदत. अमेरिकेत 'ट्रिपल ए एस' (एएएएस) या शास्त्रज्ञांच्या संघटनेची फेलोशिप १९७३ पासून पीएचडी झालेल्यांना थेट संसद आणि सरकारी खात्यांत बसवते. म्हणजे नमुने आहेत, तेही जुने आणि पारखलेले.

गाइड लोकांची हरकत मला ठाऊक आहे: तीन महिने लॅबबाहेर गेले की प्रयोग लांबतात, प्रकल्पाचा अहवाल अडतो. ही अडचण खरी आहे. पण तिचं ओझं एकट्या विद्यार्थ्यावर का? प्रबंधाची मुदत तेवढी वाढवून द्या. आणि त्या कामाला प्रबंधात जागा द्या: एक प्रकरण, एका खऱ्या प्रश्नावरचं टिपण, सोबत ते कुणाकुणाशी बोलून कसं बदललं याची नोंद. ते तपासायला विद्यापीठाबाहेरचा, असे निर्णय घेतलेला परीक्षक असावा. मौखिक परीक्षेत त्यानं त्यावर तितक्याच कडकपणे प्रश्न विचारावेत. गुण नाहीत ते काम दुय्यम, हा समज विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडूनच उचललेला असतो.

आणि त्या महिन्यांत स्टायपेंड थांबता कामा नये. बिनपगारी इंटर्नशिपला तोच जाऊ शकतो ज्याच्या घरून पैसे येतात. मग मंत्र्यांच्या आणि खासदारांच्या शेजारी बसून विज्ञान समजावणारी माणसंही त्याच घरांतली असतील, आणि विहिरीचं पाणी प्यावं लागणाऱ्या घरांतलं त्या खोलीत कुणी नसेल.