अर्ध्या मिलिमीटरचं भोक

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तेव्हा गाडी अगदी सुरळीत चालत होती. खरी पंचाईत तीच. बंद पडली असती, आचके देत चालली असती, निदान खडखडली असती तरी मी म्हटलं असतं, हं, दुखतंय हिला कुठेतरी. ही मात्र ठणठणीत. आणि तो दिवा न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा समोर ठाण मांडून.

"दिवाच आहे ना? वर चिकटपट्टी लाव," बायको म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पुढच्या दीड महिन्यात चिकटपट्टीचं रीळ मी तीनदा हातात घेतलं.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर खुपसला. कोड आला, पी ०४५६. म्हणजे पेट्रोलच्या वाफेची अतिसूक्ष्म गळती. अतिसूक्ष्म म्हणजे किती? ०.०२ इंच. अर्धा मिलिमीटर. घरात हरवलेला चष्मा मला सापडत नाही, तो डोक्यावर असताना. आणि आता गाडीभर हे भोक शोधायचं, तेही ज्यातून बाहेर येतं ते दिसत नाही असं.

पेट्रोल मुळात पळपुटं. टाकीत गप्प पडून राहणं त्याच्या स्वभावात नाही, सतत वाफ होऊन निसटायला बघतं. पूर्वी ही वाफ खुशाल हवेत जायची. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये आणि अख्ख्या अमेरिकेने १९७१ मध्ये नव्या गाड्यांना ती कोंडून ठेवायची सक्ती केली, आणि गाडीच्या पोटात कोळशाचा एक काळा डबा आला. वाफ त्या कोळशात मुरते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून घेतं आणि जाळून टाकतं. डब्याच्या दुसऱ्या अंगाला व्हेंट व्हॉल्व्ह, ताजी हवा आत घ्यायला. पहिला एरवी दार लावून बसलेला, दुसरा एरवी सताड उघडा. गाडीतल्या संगणकाला तपासणी करायची लहर आली की तो दोन्ही दारं बंद करतो आणि आतला दाब टिकतो का ते बघतो. नाही टिकला, तर कुठेतरी भोक.

लहर हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. टाकी फार भरलेली नको, फार रिकामी नको; बहुतेक गाड्यांत १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये हवी. गाडी काही तास थंड पडून राहिलेली हवी. हवा फार गरम नको, फार गार नको. एवढं सगळं जुळलं तर हे महाशय तपासणी करणार. बरं, एकदा दोष सापडला म्हणून लगेच बोलतीलच असंही नाही, सहसा लागोपाठ दोन फेऱ्यांत सापडला तर दिवा लावणार. त्यामुळे आपण एखादी दुरुस्ती करायची आणि ती जमली की नाही हे कळायला आठवडा वाट बघायची.

ज्याला सांगावं तो म्हणे, झाकण. पेट्रोलचं झाकण नीट लावलेलं नसणार. गाडीतलं काहीही न कळणारी माणसंसुद्धा हे इतक्या खात्रीने सांगत की मला त्यांचा राग येई. मी झाकण टकटक वाजेपर्यंत पिळलं. मग नवं आणलं. कोड पुसला, दिवा गेला. कोड पुसणं म्हणजे तापमापक झटकून ताप उतरवणं, हे मला कळत होतं, तरी ते दहा दिवस सुखाचे गेले.

अकराव्या दिवशी पाहुणे परत.

मग मी पर्ज व्हॉल्व्ह काढला. वीज नसताना त्यातून हवा जायला नको, म्हणून तोंड लावून फुंकायचं. मी फुंकत होतो, गाल फुगलेले, डोळे बाहेर आलेले, आणि शेजारचे काका कुंपणापाशी थांबून बघत होते. "बासरी शिकताय?" त्यांनी विचारलं. हवा जात नव्हती. व्हॉल्व्ह निर्दोष. माझ्या तोंडाला मात्र दोन दिवस पेट्रोलची चव.

रात्री वाचत बसलो तेव्हा एक भलतीच आशा दिसली. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेत पन्नास हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी व्हेंटच्या पाइपात जाळं विणत होता. पेट्रोलच्या वासाने तो ओढला जातो म्हणे. पाइप तुंबला की टाकीत निर्वात पोकळी होते आणि टाकीला चीर पडू शकते. सकाळी मी टॉर्च घेऊन गाडीखाली. कोळी मिळाला असता तर मी त्याला मिठी मारली असती. मिळालं ते एक वाळलेलं पान.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी डॉक्टरसारखी चौकशी केली.

"साहेब, नोझल टक्कन बंद झाल्यावर वर अजून भरता का?"

"कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"दर वेळी."

त्याने मान हलवली. जास्तीचं पेट्रोल पातळच त्या डब्यात उतरतं आणि कोळसा भिजून वाया जातो. माझा डबा थोडक्यात बचावला होता. मी विचारलं, पंक्चर काढतात तसं साबणाचं पाणी लावून बघू या का? टायरमध्ये तीसच्या वर पीएसआय दाब असतो म्हणाला, इथे अर्धा. कॉम्प्रेसर लावला तर असलेलं भोक राहील बाजूला, नवी पडतील. त्याने धुराचं यंत्र आणलं, पाइप जोडला आणि वाफेच्या त्या सगळ्या वाटेत हळूहळू धूर सोडला. दिवे मालवून आम्ही दोघे टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरू लागलो. डब्यापाशी काही नाही. पाइपांवर काही नाही. टाकीवर काही नाही.

आणि मग केसाएवढी पांढरी रेघ. पेट्रोलच्या झाकणाच्या कडेतून.

झाकण नवंकोरं होतं. ते जिथे टेकतं ती टाकीच्या नळीची कड गंजली होती, नव्या रबराला नीट बसायला जागाच नव्हती. झाकण म्हणणारे सगळे लोक अवघ्या बोटभराने चुकले होते. मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नळी बदलली. "आता कोड पुसा," मी म्हटलं. तो नाही म्हणाला. "ज्याने लावलाय त्यालाच घालवू दे, साहेब. तरच खरं." म्हणजे पुन्हा अर्धी टाकी, पुन्हा थंड गाडी, पुन्हा बरी हवा, आणि लागोपाठ तीन तपासण्यांत पास. पंधरा दिवस मी घरच्यांपेक्षा पेट्रोलच्या काट्याकडे जास्त बघितलं.

एका सकाळी दिवा नव्हता. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

"बल्ब गेला असेल," ती म्हणाली.

इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली की सगळे दिवे लागतात, बल्ब शाबूत आहे हे दाखवायला. त्या सकाळी मी ती सात वेळा फिरवली.