तुम्ही मासे बघा!

उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरची छोटी गॅलरी, भिंतीवर स्वोल्वेर बंदराचं जुनं तैलचित्र आणि त्याच्यासमोर आमच्याच टूरमधले मफलरवाले काका.

"हा सूर्यास्त. आयुष्याची संध्याकाळ." मागे आठ-दहा माना डोलल्या.

कसली डोंबलाची संध्याकाळ! ६८ अंश उत्तरेला फेब्रुवारीच्या मध्यात सूर्य भर दुपारी क्षितिजावर जेमतेम नऊ अंश येतो. लांब सावल्या, केशरी उजेड बारा वाजताही असतो.

"ह्या लाकडी चौकटी बघा. स्मशान! मृत्यू लटकतोय."

लटकतोय खरा, पण कॉड. मुंडी उडवायची, पोट साफ करायचं, दोन-दोन मासे शेपटीला बांधून दांडीवर टाकायचे. मीठ नाही, काही नाही. फेब्रुवारी ते मे तसेच. हवा शून्याच्या आसपास हवी; फार गोठलं की मांस भुसभुशीत होतं, उबलं की माश्या बसतात. पाच किलोचा मासा किलोभर उरतो. वसई-उत्तनला बांबूवर वाळणारे बोंबील पाहिलेल्या माणसाला ह्यात स्मशान दिसावं? मुंड्या वेगळ्या वाळवून नायजेरियाला जातात, तिथे त्यांचा रस्सा होतो. जिभा कापायचं काम गावातली पोरं करतात आणि ते पैसे त्यांचेच. विषयांतर आहे, पण काकांच्या मृत्यूपेक्षा बरं.

"आणि लाल घरं म्हणजे दडपलेली वासना."

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. अहो, माशाच्या तेलात कालवलेली लाल माती! सगळ्यांत स्वस्त रंग तोच, पांढरा महाग.

मी एवढंच म्हटलं, "काका, होड्यांना एकेकच चौकोनी शीड आहे, धुरांडं कुठेच नाही. म्हणजे काळ होड्यांना इंजिनं यायच्या आधीचा. इथेच जवळ ट्रोलफ्योर्ड नावाच्या चिंचोळ्या खाडीत १८९० साली वाफेच्या बोटींनी तोंड अडवून मासा कोंडला, तेव्हा असल्याच होड्यांतले कोळी त्यांच्यावर चालून गेले. स्वोल्वेरच्याच गुन्नार बर्गने ते रंगवलंय..."

"तुम्ही मासे बघा हो, आम्ही चित्र बघतो."

सगळे हसले. काकूसुद्धा.

बरं, गॅलरीवाल्यांनी तरी काही लिहावं? पाटीवर 'बंदर, तैलरंग' एवढंच. तिकीट मात्र पूर्ण. होडी कुठली, मोसम कुठला, दांड्यांवर काय टांगलंय, चार ओळी लिहायला काय शाई संपते? मग लोक मफलरचंच ऐकणार.

तोवर काका पुढच्या चित्रापाशी पोचले होते. त्यात नुसती एक मेंढी होती. बिचारी.