जाहिरातीला उलट बोलण्याबद्दल

नमस्कार.

जाहिरातींचे फलक रंगवून त्यांना उलट उत्तर देणाऱ्यांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: दुसऱ्याने पैसे भरून लावलेल्या फलकावर रंग मारून त्याचा अर्थ फिरवणं ही कल्चर जॅमिंगच्या गोंडस नावाखाली केलेली नासधूस आहे, ज्याला जाहिरात पटत नाही त्याने ती पाहू नये. शिवाय या लोकांना खोटेपणाही चालतो, असं तुम्ही भोपाळचा दाखला देऊन म्हटलंत.

‘पाहू नये’ इथेच माझं अडतं. टीव्ही बंद करता येतो, रस्त्यावरचा फलक नाही. तो येता-जाता आपल्याशी बोलत राहतो आणि त्याला उत्तर द्यायचं तर तेवढीच मोठी जागा विकत घ्यावी लागते. सिडनीत १९७९ साली सुरू झालेल्या ‘बुगा अप’ गटाने ती न विकत घेता उत्तर दिलं. सिगारेटच्या फलकांवरची अक्षरं रंगाने बदलायची आणि खाली गटाचं नाव लिहायचं. ‘मार्लबोरो’च्या अक्षरांतून त्यांनी ‘इट्स अ बोअर’ (म्हणजे ‘हे कंटाळवाणं आहे’) काढलं! त्यांच्यात डॉक्टरही होते. अटका झाल्या, दंड झाले. कायद्याने ती नासधूसच होती, हे मान्य. पण जो माल माणसं मारतो त्याची भलामण त्याच फलकावर कायदेशीर होती. ऑस्ट्रेलियात तंबाखूच्या जाहिरातींवर देशव्यापी बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये आला. त्याचं सगळं श्रेय या रंगाच्या डब्यांना मी देत नाही, पण ही मंडळी काळाच्या पुढे होती एवढं नक्की.

उत्तराला कायदेशीर जागा मिळाली तर काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. जॉन बँझाफ या तरुण वकिलाच्या तक्रारीवरून १९६७ मध्ये तिथल्या प्रसारण आयोगाने ठरवलं की सिगारेटच्या जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्यांनी धूम्रपानविरोधी संदेशांनाही वेळ द्यायचा. पुढच्या काही वर्षांत दरडोई सिगारेटचा खप घटला. जानेवारी १९७१ पासून रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, त्याबरोबर उत्तराची सक्तीही संपली, संदेश विरळ झाले आणि खप पुन्हा चढू लागला. ब्रश हातात न घेता मिळालेला हा उत्तराचा हक्क. फलकांबाबतही असा हक्क असता तर रंग मारणाऱ्यांची बाजू मी घेतली नसती.

आता भोपाळ. ३ डिसेंबर २००४ला, दुर्घटनेला वीस वर्षं झाली त्या दिवशी, कंपन्यांचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून त्यांना उघडं पाडणाऱ्या ‘द यस मेन’ या गटापैकी एकजण बीबीसीवर डाऊ कंपनीचा (भोपाळच्या कारखान्याची मालक असलेली युनियन कार्बाइड पुढे हिने विकत घेतली) प्रवक्ता म्हणून आला आणि कंपनी पूर्ण जबाबदारी घेऊन १२ अब्ज डॉलर देणार असल्याचं त्याने जाहीर केलं. काही तासांतच बनाव उघड झाला. डाऊची टाळाटाळ त्यामुळे जगासमोर आली, हे खरं. पण फलकावरची अक्षरं बदललेली आहेत हे बघणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. वीस वर्षं न्यायाची वाट पाहणाऱ्याला ही बातमी खोटी आहे हे कळायला काहीच वाव नव्हता, आणि फसगत त्याचीही झाली. इथे तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात मी या प्रसंगाचं कौतुक केलं होतं. तो परिच्छेद आज काढतो आहे.