'माय वीकनेस इज, आय ट्रस्ट पीपल इझिली'

आज दिवसभर मुलाखती घेतल्या आणि डोकं भणभणलंय. चाकणला आमच्या मशीन शॉपसाठी ॲप्रेंटिस घ्यायचेत. आयटीआयची पोरं: फिटर, टर्नर, मशिनिस्ट. लातूर, बीड, परभणी, काही जुन्नरकडची. आणि एकूण एक पोर तोच कागद पाठ करून आलेलं. 'मायसेल्फ अमुक अमुक. माय फादर इज फार्मर, माय मदर इज हाउसवाइफ. माय स्ट्रेन्थ इज हार्ड वर्क.' आणि वीकनेस? सगळ्यांची एकच. लोकांवर पटकन विश्वास बसतो!

कोण शिकवतं हे? क्लासवाले. फी घेऊन. बापाने सोयाबीन विकून दिलेल्या पैशांत पोराला दुसऱ्याची ओळख पाठ करायला लावतात.

औशाकडची एक मुलगी आली होती, टर्नर ट्रेडची. नजर माझ्या मागच्या भिंतीवर. मध्येच एक शब्द सुटला, तर बिचारी पुन्हा 'मायसेल्फ'पासून सुरू झाली. मला बघवेना. म्हटलं, ''अगं थांब. मराठीत सांग. वर्कशॉपमध्ये शेवटचा जॉब कुठला केलास?'' जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, ''मॅडम, आमच्या लेथवर जॉब टेपर येत होता.''

मग काय, थांबेचना. जॉब म्हणजे लेथवर फिरवत कापायचा तुकडा; तो टेपर, म्हणजे एका टोकाला माप बरोबर, दुसऱ्या टोकाला जाड. हिने टूल बदलून पाहिलं, तरी तेच. शेवटी लेथच्या दोन सेंटरमध्ये टेस्ट बार, म्हणजे अगदी सरळ दांडा धरला, फरक दाखवणारा डायल लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरणारा लेथचा भाग, सरकलेला निघाला. बाजूचा एक स्क्रू ढिला करायचा, समोरचा आवळायचा, पुन्हा डायल बघायचा, असं करत करत तो लाइनीत आणला. सांगताना तिचे हात टेबलावर स्क्रू फिरवत होते.

आता सांगा, यातलं एक अक्षर तरी त्या कागदावर होतं का? आईसुद्धा खोटीच होती त्यात. 'हाउसवाइफ' म्हणे. ती माउली रोजाने खुरपायला जाते, हे मी विचारल्यावर कळलं.

इंग्रजी लागतं, मान्य. ड्रॉइंग इंग्रजीत असतं, बाहेरचा ऑडिटर आला की चार वाक्यं बोलावी लागतात. ते शिकता येतं. टेपर का येतोय हे शोधायची खोड पाठांतराने येत नाही.

पोरांनो, तुमच्यावर राग नाही रे. घाबरलेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतं, कळतं मला. पण एक मिनिट पुरतं. नाव, गाव, ट्रेड, पासचं वर्ष. मग थेट एक काम सांगा: कुठलं मशीन, काय अडलं, तुम्ही काय केलंत, माप किती आलं. मायक्रोमीटरवर 0.01 मिमी बिनचूक वाचता येत असेल तर तेच सांगा, हॉबीतलं ते 'लिसनिंग म्युझिक' राहू द्या. मध्ये वर्षभर शेतात राबला असाल तर तेही सांगा, लाजायचं काय त्यात? आणि घोकू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. दर वेळी शब्द थोडे वेगळे आले तर उत्तमच.

आणि एचआरमधल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही ऐका. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' विचारून मान खाली घालून बायोडाटा चाळत बसता, म्हणून ही दुकानं चालतात. ॲप्रेंटिसचा कायदा 1961 सालापासून आहे, तो पोरांनी शॉपवर काम शिकावं म्हणून. मग कामाचंच विचारा ना! त्या मुलीला मी शब्द चुकल्यावर थांबवलं नसतं, तर ती तसाच कागद म्हणत घरी गेली असती. आणि दुसऱ्या कुणाच्या टेबलावर ती आजच नापास झाली असती, लिहून देते.

तिचं नाव मी यादीत सगळ्यात वर टाकलंय. वरून कुणी 'कम्युनिकेशन' काढलं, तर भांडायची तयारी आहे.

तुमच्या घरातलं कुणी मुलाखतीला निघालं असेल तर मेसेज करा. रविवारी फोनवर बसून ऐकेन. फक्त तो कागद घरी फाडून या.