एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच स्टेरॉइड?

‘एसजीपीटी वाढलंय आणि एएनए पॉझिटिव्ह आहे? म्हणजे शरीरच यकृतावर उलटलंय. विषाणूंच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका, ताबडतोब स्टेरॉइड सुरू करा.’ हा फॉरवर्ड मावशीपर्यंत पोचला आणि तिने गोळीचं नाव विचारलं. म्हणून हे उत्तर. (एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम.)

एएनए (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची अँटीबॉडी) म्हणजे ऑटोइम्यून हेपटायटिस (प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटते तो आजार)? नाही. 1:40 टायटर (रक्तद्रव 40 पट पातळ करूनही अँटीबॉडी दिसणं) धडधाकट माणसांतही सर्रास सापडतं. हेपटायटिस सी आणि फॅटी लिव्हरमध्येही एएनए किंवा एसएमए (स्नायूंविरुद्धची तशीच अँटीबॉडी) येतं. सीच्या काही थोड्या रुग्णांत एलकेएम-1 ही तिसरी अँटीबॉडी सुद्धा. इंटरनॅशनल ऑटोइम्यून हेपटायटिस ग्रुपचे 2008चे निकष बघा: 8 पैकी अँटीबॉडींना जास्तीत जास्त 2 गुण, 1:40 ला फक्त 1. बाकीचे आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार), बायोप्सी (यकृताचा तुकडा काढून तपासणं) आणि ‘विषाणू नाही’ याचे, प्रत्येकी कमाल 2. निदान ‘संभाव्य’ म्हणायलाही 6 लागतात.

म्हणजे ज्या तपासण्या हा शहाणा टाळायला सांगतो, त्या निदानाचाच भाग आहेत. आणि त्या टाळण्यात खरा धोका हेपटायटिस बीचा. एचबीएसएजी (बी विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रथिन, चालू संसर्गाची खूण) निगेटिव्ह असूनही अँटी-एचबीसी टोटल (आत्ता किंवा पूर्वी बी झाल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल, तर विषाणू यकृताच्या पेशींत दबा धरून असू शकतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त, चार आठवडे किंवा अधिक दिलं की तो पुन्हा वाढू शकतो. सुरुवातीला एसजीपीटी उतरतंही, सगळे खूश. मग डोस कमी केला की जागी झालेली प्रतिकारशक्ती बाधित पेशींवर तुटून पडते. यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ येते. म्हणून आधी एचबीएसएजी, अँटी-एचबीसी टोटल (नुसतं आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची अँटीबॉडी नव्हे) आणि अँटी-एचसीव्ही (हेपटायटिस सीची अँटीबॉडी). सी निघाला तर बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात.

एक मान्य करतो: खरा ऑटोइम्यून हेपटायटिस असेल तर स्टेरॉइडला उशीर नको. शिवाय आयजीजी खूप वाढलेलं असताना अँटी-एचसीव्ही खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. त्यावर उपाय एचसीव्ही आरएनए (खुद्द सी विषाणू शोधणारी तपासणी), तपासणी टाळणं नव्हे.

‘अँटीबॉडी निगेटिव्ह, म्हणजे आजार नाही’ हेही चूक. काहींचं निदान बायोप्सीवरच होतं. एएमए (पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर बोट पीबीसी या यकृतातल्या पित्तनलिकांच्या आजाराकडे, तिथे पहिलं औषध अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. आणि मोठ्या माणसांत दर महिन्याला टायटर मोजून काही कळत नाही. एसजीपीटी आणि आयजीजी पाहायचं.

फॉरवर्ड वाचून कुणी गोळ्या सुरू केल्याच असतील, तर एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात. बीच्या दोन्ही तपासण्या आजच करा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं, तर एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर या बीच्या विषाणूरोधक औषधांबद्दल डॉक्टरांशी लगेच बोला, एसजीपीटी चढायची वाट न बघता.