डेअरडेव्हिल परत आलाय, तज्ज्ञ व्हायला पंधरा मिनिटं पुरे

सगळ्यात आधी एक ठरवून टाका, की नवा सीझन आपल्याला आवडलेला नाहीये. बघायच्या आधीच ठरवलं की बघताना डोक्याला ताप राहत नाही. ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’ ही मार्व्हलची सुपरहिरो सिरीयल आपल्याकडे उगवली ५ मार्च २०२५ ला सकाळी साडेसातला, तिकडे अजून ४ तारखेची रात्र, दोन भाग एकदम, आणि गोव्यात साडेसात म्हणजे पोदेर, म्हणजे पाववाला, गेटपाशी पोंगा वाजवतोय, कुकरची दुसरी शिट्टी झालीय, पाण्याचा पंप चालू आहे आणि आई आतनं ओरडतेय, "रे, उंडे घेतलेस काय, गेला बघ तो!" बघायची ती ह्याच वेळेला. हेडफोन अजिबात लावू नका. सिरीयल मॅट ऊर्फ डेअरडेव्हिल ह्या आंधळ्या वकिलाची, ज्याला भिंतीपलीकडच्या माणसाचे छातीतले ठोके ऐकू येतात, आख्खी गंमत आवाजात आहे, म्हणून तर ती मोबाईलच्या स्पीकरवर, भांडी घासायच्या आवाजात, मधला बोलण्याचा भाग पुढे ढकलत बघण्यात मजा.

पहिल्या पंधरा मिनिटांत मॅटचा जिवलग मित्र फॉगी जातो. (सांगून टाकलं, अजून बघितलं नसेल तर ती तुमची चूक.) बुलसाय नावाचा खलनायक बारच्या बाहेर त्याला गोळी घालतो, मॅट त्या बुलसायशी मारामारी करत जिन्याने वर गच्चीपर्यंत जातो, आणि हे सगळं चालू असताना खाली रस्त्यावर पडलेल्या मित्राचे ठोके ऐकतोय, ते हळू हळू होत जातात आणि मग थांबतात. खरं सांगू, भयंकर जमलंय ते. पण तुम्हाला तिथे काय ऐकू यायला पाहिजे? पोंगा. म्हणजे मग निर्धास्त लिहिता येतं, ‘इमोशनली कनेक्टच झालं नाही यार’.

लिहिताना ‘सीझन एक’ म्हणायचं नाही, तो कच्च्या लिंबूंचा शब्द, आपण म्हणायचं ‘सीझन चार’, कारण नेटफ्लिक्सवर २०१५ ते २०१८ मध्ये तीन झाले होते आणि आपण तेव्हापासूनचे. तेव्हा बघितली नसेल तरी चालतं, कॉरिडॉरची मारामारी तेवढी यूट्यूबवर बघून घ्या, पहिल्या सीझनचा दुसरा भाग, एकाच शॉटमध्ये, हिरो दमतो, भिंतीला टेकतो, परत उठतो. बास, एवढ्यावर जन्म निघतो. नव्या सीझनमध्ये काहीही होऊ दे, कोर्टात उलटतपासणी चालू असली तरी म्हणायचं, "ती कॉरिडॉरवाली सर नाही ह्याला."

अजून एक हुकमी पत्ता. ही सिरीयल आधी अठरा भागांची ठरली होती, थोडं शूटिंगही झालं, मग २०२३ चा हॉलिवूडचा संप आला, स्टुडिओने झालेलं बघितलं, लेखक बदलले, डॅरिओ स्कार्डापेनला आणलं आणि पहिला नि शेवटचे दोन भाग नव्याने लिहून मधे जुनं शूटिंग ठेवलं. म्हणजे जुन्या घराला पुढे नवा बाल्कांव (व्हरांडा) आणि मागे नवी न्हाणी. दुसऱ्या भागाला गाडी एकदम कोर्टकचेरीच्या रुळावर जाते ती त्यामुळे, आणि ते थोडं जाणवतं, हे माझंही मत आहे. पण तुम्ही एवढ्यावर थांबू नका, प्रत्येक सीनमध्ये शिवण शोधा. मॅटचा टाय बदलला? शिवण. लाईट वेगळा? शिवण.

आता फिस्क. कालपर्यंत गुंडांचा राजा, आज न्यूयॉर्कचा महापौर, तेसुद्धा लोकांनी रांगा लावून मतं दिली म्हणून. ह्यावर एकच वाक्य, ‘इतकं कुठे होतं का राव, लॉजिक तरी ठेवा’. हे टाईप करताना गोव्यातला सप्टेंबर २०२२ चुकूनही आठवायचा नाही, निवडणुकीआधी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात उमेदवारांच्या शपथा झाल्या आणि नंतर काँग्रेसचे आठ आमदार एकदम पलीकडे भाजपमध्ये गेले ते. फिस्कने निदान स्वतःच्या नावावर मतं मागितली. असो, आपण सुपरहिरोबद्दल बोलतोय.

आणि मॅट नि फिस्क समोरासमोर बसून कॉफी पितात तो सीन आला की उठा आणि उंडे आणायला जा. दोन माणसं, एक टेबल, हात कोणी उचलत नाही, आवाज चढत नाही, आणि दोघंही एकमेकांना सभ्य भाषेत सांगतायत की तू पाऊल चुकलास तर मी आहेच. चार्ली कॉक्स आणि व्हिन्सेंट डीओनोफ्रिओ दहा वर्षं हीच माणसं जगलेत हे तिथे कळतं, डीओनोफ्रिओ तर वाक्याच्या मधे असा काही थांबतो की आपणच घाबरून गिळतो. बघितलात तर मत बदलेल, विषाची परीक्षा कशाला? परत येऊन लिहा, ‘स्लो आहे’.

नऊच्या आत स्टेटस टाका. मग पणजीहून मडगावच्या शटल बसमध्ये शेजारी कोणीतरी भेटतोच, जो म्हणतो मी नऊच्या नऊ भाग आले की एकदम बघणार, अजून एक मिनिट बघितलेलं नाही रे. त्याला आधी सांगा, "मी काही सांगत नाही हां," आणि जुवारीचा पूल यायच्या आत सगळं सांगून मोकळे व्हा, फॉगीचं तर पुलाच्या अलीकडचं आगशी गाव यायच्या आधीच, आणि चिडला तर तोंड बारीक करून म्हणायचं, "मला वाटलं ट्रेलरमध्ये बघितलं असशील."