‘आपल्या घरांत असे घडत नाही’ हा दावा तपासताना

‘मुलांचा छळ आणि घरगुती हिंसा हे पाश्चात्त्यांचे प्रश्न आहेत, आपल्याकडे असे प्रकार अपवादाने, तेही गरीब वस्त्यांत घडतात, अत्याचार करणारा बहुधा परका असतो, पोलिसांकडे तक्रारी थोड्याच येतात, आणि ज्या मुलाला स्वतःला मार बसला नाही त्याचे काही बिघडत नाही’, अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. यातील एकही विधान टिकत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलामुलींशी बोलणे झाले होते. त्यांपैकी सुमारे ६९ टक्क्यांनी शारीरिक छळ, तर ५३ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. या अभ्यासात रस्त्यावर राहणारी, काम करणारी आणि संस्थांत वाढणारी मुले मुद्दाम घेतली होती. म्हणून हे प्रमाण प्रत्येक घराला जसेच्या तसे लावता येणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी जवळपास ८९ टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते, आणि लैंगिक अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. पीडितांत मुलग्यांचे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिकच होते. ‘मुलगा आहे, त्याला काय होणार’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गरिबीचा मुद्दा अमेरिकेतील सॅन दिएगो येथील अभ्यासाने केव्हाच निकालात काढला आहे. १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्या अभ्यासातील १७ हजारांहून अधिक प्रौढ आरोग्यविमा असलेले होते आणि त्यांतील बहुसंख्य महाविद्यालयात शिकलेले होते. तरीही २८ टक्क्यांनी लहानपणी शारीरिक छळ सोसला होता, आणि जवळपास १३ टक्क्यांनी आईला मारहाण होताना अनुभवली होती.

तक्रारींच्या संख्येवरून हिंसा मोजणे ही तर मुळातलीच चूक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्के, म्हणजे चारांत एक होते. हे प्रश्न घरातील एकाच स्त्रीला, आसपास कोणी नसताना विचारले जातात. त्याच सर्वेक्षणानुसार, हिंसा सोसलेल्यांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली होती, आणि ७७ टक्के स्त्रिया त्याविषयी कोणाशी बोललेल्याही नव्हत्या. ज्या गोष्टीविषयी बाई सख्ख्या बहिणीपाशीही तोंड उघडत नाही, ती पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत कशी सापडणार?

राहिला न मारलेल्या मुलाचा प्रश्न. चारांतल्या त्या एका घरातले मूल भिंतीपलीकडे झोपलेले असते, पण त्याला ऐकू येतेच. वडील आईला मारत असत का, हेही या सर्वेक्षणात स्त्रियांना विचारले जाते. ज्यांनी ‘हो’ म्हटले, त्यांच्या स्वतःच्या संसारातही मारहाणीचे प्रमाण इतरांपेक्षा ठळकपणे अधिक आढळते.